शालनचं उष्टं

नातवाच्या बारशाला रंगराव खराड्यांना लाल ताटात वाढलं.

बाकी सगळ्यांना स्टीलची ताटं होती. रंगरावांना आणि कुठल्याशा दोन म्हाताऱ्यांना लाल प्लॅस्टिकची. बसायची जागाही वेगळी, हॉलच्या दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी. वाढपी हातमोजे घालून आला. ताटाला डाव लागू नये म्हणून त्याने भात वीतभर उंचीवरून सोडला आणि मागे न बघता निघून गेला.

रंगरावांचं सगळं आयुष्य उंब्रजला मंडप घालण्यात गेलं होतं. लग्नं, बारशी, सभा, तेरावी. लहानपणी वडिलांबरोबर दोऱ्या ओढायला जात, तेव्हा मंडपाबाहेर, उकिरड्याच्या अंगाला बसवलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांनाही असंच उंचावरून वाढत. ती पद्धत मेली असं रंगरावांना वाटलं होतं. मेली नव्हती. शिकायला गेली होती आणि आता प्रयोगशाळेचा दाखला घेऊन परत आली होती.

विहीणबाई, म्हणजे कल्पनाताई, चौकशीला आल्या. चार हात लांब उभ्या राहिल्या.

"आप्पासाहेब, राग मानू नका हं. बाळासाठी करावं लागतं. मनात काही नाही आमच्या."

"मनात नाही ते दिसतंयच. सगळं ताटात आलंय."

त्या हसल्या. टोमणा कळला नाही, किंवा कळूनही पचला. समतोल पोटात सगळंच पचतं म्हणतात.

"तेजलनं दोन घास खाल्ले का?" रंगरावांनी विचारलं. तेजल त्यांची एकुलती एक मुलगी, आजची बाळाची आई.

"आज गुरुवार ना. तिचा कडक असतो. बुधवारी रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही. गुरुवारी सोसायटीत फुंकणी घेऊन माणूस येतो, त्याची तपासणी झाली, दिवा लागला, की मगच काय ते तोंडात घालते. शेजारणी म्हणतात, कल्पना, सून असावी तर अशी."

"पाजती बाई उपास करती, आणि तुम्हाला कौतुक वाटतं?"

"श्रद्धा आहे तिची. आम्ही नाही सांगितलं."

उंब्रजच्या घरी तेजलने कधी एकादशीसुद्धा धरली नव्हती. आई वरीचे तांदूळ शिजवायची आणि ही शेजारी बसून भाकरी हाणायची. या घराने पोरगीही धुऊन काढली, असं रंगरावांच्या मनात आलं.

याच विहीणबाईंनी साखरपुड्यात सगळ्यांना अभिमानाने एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या मामंजींना गावच्या पंगतीत एकदा बाहेर बसवलं, तेव्हा मामंजींनी पत्रावळ पालथी घातली आणि उपाशी उठून गेले. ही गोष्ट सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. आता त्याच डोळ्यांनी त्या लाल ताटं मोजून ठेवत होत्या.

रंगरावांनी ताट पालथं घातलं नाही. मुलीचं सासर होतं. त्यांनी भात गिळला.

*

हे सगळं पोटातल्या जंतूंवरून चाललं होतं.

माणसाच्या मोठ्या आतड्यात जंतूंची वस्ती असते. कोंडा, साली, भाज्यांचे धागे आपल्याला पचत नाहीत, ते हे जंतू आंबवून खातात. त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर आतड्याचं अस्तर जगतं. वस्ती नीट असली की पोट ठीक. ती बिघडली की गॅस, जुलाब, बद्धकोष्ठ, आतड्याला सूज. मूल जन्मताना आईकडून वस्तीचं बीज घेतं, मग घरातल्या माणसांच्या हाताकडून, ताटाकडून, उष्ट्याकडून. साधारण तीन वर्षांत त्याची वस्ती बसते आणि पुढे सहसा फार बदलत नाही.

समतोल नावाच्या कंपनीने निवडक जंतू टाकीत वाढवले आणि गोळीत भरले. आधी औषधाने जुनी वस्ती मारायची, मग गोळी घेऊन नवी बसवायची. मारण्याला लोक 'धुणं' म्हणू लागले. गुण आला, हे रंगरावही कबूल करत. जावई ओजस कॉलेजपासून संडासाचा पत्ता विचारल्याशिवाय कुठे जात नसे. तो माणसात आला. कंपनीने एवढ्यावर थांबायला हवं होतं.

पण टाकीत वाढलेले जंतू नाजूक निघाले. त्यांना आयतं खायची सवय. बाहेरच्या रानटी जंतूंशी गाठ पडली की ते माघार घेत. खोट मालात होती. कंपनीने ती माणसांच्या गळ्यात घातली. ज्यांनी गोळी घेतली नव्हती त्यांना 'खुले' असं नाव दिलं, आणि खुल्यांचं उष्टं, खुल्यांचा हात, खुल्यांचा संडास टाळा, लहान मुलांना तर जपाच, अशी जाहिरात केली. आमचा माल कच्चा आहे म्हणायच्या ऐवजी तुमचा बाप घाण आहे म्हणाले. लोकांना पटलं. लोकांना असलं पटकन पटतं.

मग श्वास तपासायचं यंत्र आलं. जंतू अन्न आंबवतात तेव्हा वायू होतो, त्यातला थोडा रक्तात उतरतो आणि श्वासातून बाहेर पडतो. समतोलचे जंतू वायू कमी करणारेच निवडलेले. म्हणून नळीत फुंकायचं. वायू कमी, हिरवा दिवा. वायू जास्त, लाल दिवा. यंत्राला चांगलं शास्त्रीय नाव होतं, पण लोक फुंकणीच म्हणत. आणि गोळी घेतलेल्यांना सोवळे. हा शब्द कुणी शोधला नाही. तो दाराशी तयारच उभा होता.

*

उष्टावणाच्या महिनाभर आधी तेजल एकटीच उंब्रजला आली. बाळाला खुल्या घरात आणायची मनाई होती.

"आप्पा, निहारचं उष्टावण ठरलंय."

"करा की. मला काय विचारताय?"

"मांडीवर घ्यायला मामा लागतो."

"तुला भाऊ नाही हे तुझ्या सासूला आज कळलं का?"

"मामा नसला तर आईचे वडील बसतात. पण तुम्ही धुऊन घेतलं तरच. नाहीतर ओजसचा मावसभाऊ बसणार आहे."

"कोण, तो भुवया कोरणारा?"

"तोच."

रंगराव उठून दारात गेले आणि समतोल कंपनीच्या मालकापासून मावसभावापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबून ऐकू लागले. पट्टीचा आवाज होता. चाळीस वर्षं माईक तपासायला त्यांना माईक लागला नव्हता.

तेजल मागून म्हणाली, "झालं? आता संध्याकाळपर्यंत कराडला पोचेल. लाल ताटाचं तर तुम्ही देवळातल्या माईकवरून सांगितलंत. ओजसच्या ऑफिसात समजलं."

"खोटं होतं का?"

"खरं होतं. पण तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, आप्पा. आई म्हणायची तेच."

तेजलची आई म्हणजे शालन. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेजलने ओट्यावरचा तवा उगाच पुसला. ती काहीतरी बोलणार होती असं रंगरावांना वाटलं. पण रस्त्यावर थांबलेल्या त्या दोघांकडे तिने पाहिलं आणि तवा जागेवर ठेवला.

"तुम्ही घ्या म्हणत नाही मी," ती जाताना म्हणाली. "आणि तुम्ही घेणारही नाही, ते मला माहीत आहे."

*

कराडच्या समतोल केंद्रात रंगराव भांडायच्या बेताने गेले. समोर एक समुपदेशक मुलगी होती. ती सगळ्यांशी ताप आलेल्या पोराशी बोलावं तशी बोलत होती.

"आजोबा, घाबरायचं नाही. तुमच्या घरात कोण कोण खुलं आहे?"

"मी एकटाच आहे."

"आणि आजी?"

"वारली."

"ओह. त्यांना पोटाचा काही त्रास? कारण नवरा-बायको बरीच वर्षं एकत्र राहिले की जंतू एकमेकांचे होतात. तुमच्यात बऱ्याच जाती त्यांच्याकडून आलेल्या असणार."

"आमची जात एकच होती."

"जंतूंच्या जाती म्हणतेय मी." ती हसली. "एका ताटात जेवायचा का तुम्ही?"

रंगरावांना लग्नानंतरचे दिवस आठवले. त्यांच्या आईचा हट्ट होता, सुनेने नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. शालन मुकाट जेवायची आणि रंगरावांना लाज वाटायची. आई गेल्यावर त्यांनी ती रीत मोडली. रीत मोडली म्हणजे काय, शालन मंडपाच्या कामावर येऊ लागली आणि डबा एकच असल्यामुळे दोघं एका वेळी एकाच ताटात हात घालू लागली. तिने अर्धी भाकरी चावून, ही कच्ची लागतीय बघा, म्हणून पुढे करायची. ते खाऊन बघायचे.

"म्हणजे ती आहे अजून?" त्यांनी पोटावर हात ठेवून विचारलं.

"जंतू आहेत, आजोबा. आजी नाहीत," मुलगी समजुतीने म्हणाली. "आणि म्हणूनच धुऊन घ्यायचं. जुनं काही ठेवायचं नाही."

रंगराव भांडण न करताच घरी आले.

शालनचं लुगडं त्यांनी वाटून टाकलं होतं. चष्मा नदीत सोडला होता. फोटोतली शालन कुणा दुसऱ्याच बाईसारखी दिसायची, फोटो काढणाऱ्याने तिला हसायला लावलं होतं. आता कळलं, की ती जिथे खरोखर होती तिथे कुणी फोटो काढला नव्हता. रोज चारच्या सुमारास त्यांचं पोट मोठ्याने गुरगुरायचं आणि शालन चहाचं आधण ठेवत म्हणायची, "वाजला तुमचा भोंगा." ती गेली तरी भोंगा वाजत होता. तो त्यांचा एकट्याचा नव्हता तर.

आणि तिकडे पोराच्या तोंडात पहिला घास तो भुवया कोरणारा घालणार होता.

शालन असती तर काय म्हणाली असती, याचा विचार करायला त्यांना फार वेळ लागला नाही. ती म्हणाली असती, मेलेलं माणूस पोटात घालून बसताय, आणि जिवंत पोरगं परक्याच्या मांडीवर देताय होय? जा गपगुमान. ती अशीच बोलायची. तिच्या अशा बोलण्यापुढे रंगरावांचं कधी चाललं नव्हतं. आजही चाललं नाही.

*

पूर्वी धुण्याचं औषध आणि गोळी घरी न्यायला देत. लोक घेत नाहीत, टाकून देतात, असं कंपनीच्या लक्षात आलं तेव्हापासून केंद्रातच ठेवून घेत आणि डोळ्यांदेखत गिळायला लावत. रंगरावांनी धुण्याचं औषध घेतलं, सगळा दिवस संडासात काढला, गोळी गिळली, जीभ वर करून दाखवली. केंद्रातल्या मुलीने टाळ्या वाजवल्या. तिला तसं शिकवलेलं असावं.

घरी आल्यावर त्रास काहीच झाला नाही. गॅस नाही, जळजळ नाही. सकाळी घड्याळासारखं पोट साफ. मिरचीच्या खरड्याचा वास आला तर तोंडाला पाणी सुटेना, याखेरीज तक्रार करायला जागा नव्हती.

चार वाजले. रंगराव खुर्चीत बसून राहिले. पोट गप्प होतं. आधी वाटलं, उशीर झाला असेल. मग अंधार पडू लागला.

घरातून दुसऱ्यांदा माणूस गेलं. या वेळी तेराव्याला बोलवायलाही कुणी नव्हतं.

*

उष्टावणाला, बारशाच्याच रावेतच्या त्या हॉलमध्ये, रंगरावांनी दाखला दाखवला, फुंकणीत फुंकलं आणि हिरवा दिवा लागला. कल्पनाताईंनी पुढे होऊन चक्क त्यांचा हात धरला.

"आता कसं. आता आपल्यातले झालात."

"मामंजी असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं," रंगराव म्हणाले.

"हो ना," त्या म्हणाल्या.

त्यांना चौरंगावर बसवून निहारला मांडीवर दिलं. पोरगं वजनदार होतं, अंगाला दुधाचा वास. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. रंगरावांनी सोन्याची अंगठी खिरीत बुडवली आणि पोराच्या ओठांना लावली. त्याने आधी तोंड वाकडं केलं, मग अंगठीसकट बोट धरलं आणि दात नसलेल्या हिरड्यांनी करकचून चावलं. बायका हसल्या. मग चमच्याने दोन-तीन घास गेले, त्यातले निम्मे पोराने फुर्र करून वाटीत परत केले. नजर शालनची होती. ही नजर जंतूंनी येत नाही, आणि ती धुताही येत नाही, एवढं समाधान रंगरावांनी पदरात पाडून घेतलं. पोराला बायकांकडे देऊन ते उठले.

मुलाचं उरलेलं अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात टाकायचा नियम होता. ते वाटी घेऊन हॉलमागच्या मोरीत गेले. तेजल तिथे होती. त्यांनी झाकण उघडलं तशी तिने मनगट धरलं.

"टाकू नका."

"का?"

तिने दार लोटलं. "आप्पा, खरंच घेतलीत तुम्ही गोळी? का काहीतरी खटपट केलीत?"

"डोळ्यांपुढे गिळायला लावतात. कसली खटपट?"

ती तिथल्या पिंपावर बसली. तिचा चेहरा असा झाला, की रंगरावांना वाटलं पोराला काही झालं.

"मी घेतली नाही," ती म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हा औषध आणि गोळी दोन्ही घरी देत होते. मी दोन्ही बेसिनमध्ये टाकलं. आईनं जे दिलंय ते मला मारायचं नव्हतं."

"आणि फुंकणी?"

"जंतूंना खायला मिळालं तर वायू होणार ना? बुधवारी नुसतं भात-मीठ खाते, रात्रीपासून तेही नाही. गुरुवारी तो माणूस येतो तेव्हा पोटात आंबायला काही नसतंच. हिरवा लागतो."

रंगरावांना समजायला वेळ लागला. तो कडक गुरुवार. शेजारणींचं कौतुक. सून असावी तर अशी.

"म्हणजे निहार?"

"त्याला अजून फुंकता येत नाही. पण माझ्याकडून त्याला मिळालंय. आईचं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"सांगायला तर उंब्रजला आले होते. तुम्ही दारात उभं राहून सगळा रस्ता गोळा केलात. एकदा बाहेर फुटलं असतं तर या लोकांनी मला धुतलं असतं आणि त्यालाही." तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, आप्पा काय, आप्पा कुणाचं ऐकतात? जन्मात कुणाचं ऐकलं नाहीत. नेमकं याच वेळी कसं ऐकलंत?"

"तुझ्या आईचं ऐकलं," रंगराव म्हणाले.

मग त्यांनी हातातली वाटी जवळ घेतली. ओरडले नाहीत. वाटीत तळाला खीर होती, वर पोराच्या लाळेचा फेस. शालनने असलं कधीही टाकलं नसतं. बोटाने पुसून तोंडात घातलं असतं, आणि वर म्हणाली असती, टाकताय कशाला, पोराचं उष्टं उष्टं नसतं.

"एका वेळेनं काही होत नाही, आप्पा," तेजल हळू म्हणाली. "आणि आईचं सगळं परत येईल असंही नाही. थोडं येईल. तेसुद्धा रोज खाल्लं तर. तुमच्यातले ते टाकीतले नाजूक आहेत, हटतील."

रंगरावांनी चमचा भरला आणि खाल्ला. गोड लागली. दुसरा भरला.

दार उघडून कल्पनाताई आत आल्या. "अहो आप्पासाहेब, हे काय? पोराचं उष्टं कशाला खाताय? पंगत बसतेय, चला, स्टीलचं ताट मांडलंय तुमचं."

"आमच्यात अन्न टाकत नाहीत, विहीणबाई."

"बाई बाई. पण हरकत नाही म्हणा, दोघंही सोवळेच."

"तेच म्हणतो मी," रंगराव म्हणाले. "उंब्रजला एकट्याचं काही जेवण होत नाही. आता दाखला आहे, तर इथंच राहावं म्हणतो काही महिने. पोराला भरवायला, त्याचं उरलंसुरलं संपवायला घरात एक म्हातारा बरा असतो."

"राहा की. आपल्यातलेच तुम्ही आता." त्या मनापासून खूश झाल्या. मग सुनेकडे वळल्या. "चेहरा का गं उतरलाय? गुरुवारच्या उपासानं अशक्तपणा आला असेल हिला. बघा ना आप्पासाहेब, कुणी सांगून इतकं करतं का? काय म्हणावं या पोरीच्या श्रद्धेला?"

तेजलने दचकून बापाकडे पाहिलं. यावर सांगण्यासारखं रंगरावांकडे खूप होतं. सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढा आवाजही होता.

त्यांनी वाटीतला शेवटचा चमचा तोंडात घातला आणि तोंड मिटलं. खिरीबरोबर तीळही भिजू दिला.